उंच रोपं, रिकामी मुळं

कोकणातल्या एका रोपवाटिकेचे माळीकाका शिवणीची रोपं क्रेटमध्ये घालून एसटीने आमच्या प्रयोगशाळेत आले. "ही साहेबांची, ही माझी." साहेबांची रोपं वीतभर जास्त उंच, पानं हिरवीगार, त्यांना डीएपी या फॉस्फरसवाल्या खताचा रतीब होता. काकांची बुटकी. त्यांना खत नव्हतं, फक्त जुन्या शिवणीखालची माती पिशवीत मिसळलेली. पण जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, लावली की साहेबांची रोपं मरत आणि काकांची तगत. साहेब म्हणत, योगायोग.

मुळांत बुरशी आहे का ते बघायला बारीक मुळं धुऊन सेंटिमीटरभराचे तुकडे केले. 10 टक्के केओएच या क्षारात गरम करून ती पारदर्शक करायची, आम्लातून काढायची, मग ट्रायपॅन ब्लूमध्ये, बुरशीला निळं करणाऱ्या रंगात, बुडवायची. कंटाळवाणं काम, शिवाय बोटं निळी होतात ती वेगळीच.

साहेबांच्या मुळांत पेशीमागून पेशी कोऱ्या. बुरशीचा एखादा तुरळक धागा, बस्स. काकांच्या मुळाची स्लाइड लावली आणि सगळं निळं! धागे मुळात शिरलेले, मधे फुगीर गोळे, आणि पेशींच्या आत फांद्या फुटलेली इवली झुडपं. देवाणघेवाण होते ती इथेच: बुरशी फॉस्फरस देते, झाड साखर आणि चरबी. स्कॉटलंडमधल्या रायनीच्या 40 कोटी वर्षं जुन्या जीवाश्मांतही अशीच झुडपं सापडली आहेत.

काका बराच वेळ डोळा लावून बसले. मग म्हणाले, "म्हणजे खत घातलं तर हे येत नाहीत?"

फारसे येत नाहीत. फॉस्फरस आयता मिळाला की झाड बुरशीला थारा देत नाही. साखर फुकट कोण वाटेल? पिशवीत ते चालून जातं. सड्यावर लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फरस धरून ठेवतात, तो जागचा हलत नाही. मुळाच्या आसपासचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा साठा संपला की मूळ उपाशी. बुरशीचे धागे मात्र तिथून कित्येक सेंटिमीटर पुढे जातात.

रोपं फक्त यामुळेच मेली, असं मी अहवालात लिहिलं नाही. पाणी, लावणीची वेळ, गुरं, सगळंच असतं. डीएपी कमी करा आणि जुन्या झाडाखालची माती मिसळा, एवढंच लिहिलं.

साहेबांचा फोन आला. अहवाल पटला होता, पण रोपं घेणारे उंची मोजून पैसे देतात, मुळं कोण बघतो? त्यांचंही खोटं नव्हतं. काकांना सांगितलं तर ते हसले. "निम्म्या पिशव्यांत मी माती घालतोच. साहेब कुठे पिशव्या उकरून बघतायत!"