वहीतला पाचवा रकाना

सहकारी बँकेच्या हिशेब विभागात सत्तावीस वर्षे काढलेल्या बाईने प्रवासाविषयी लिहायला घेतले, तर त्यात समुद्रकिनाऱ्यांपेक्षा बेरजा अधिक येणार, हे आधीच सांगून टाकलेले बरे. २०१९ च्या फेब्रुवारीत मी पहिल्यांदा एकटीने परदेशी गेले, ती व्हिएतनामला. त्यानंतर पोर्तुगाल, तुर्कस्तान आणि जपान झाले. प्रत्येक वेळी सोबत दोनशे पानी वही होती आणि तिच्यात चार रकाने आखलेले होते : प्रवास, मुक्काम, खाणे आणि तिकिटे. उरलेसुरले सगळे पानाच्या तळाशी, 'किरकोळ' या नावाखाली. पाचवा रकाना नंतर आला आणि हे लिखाण त्याच्याचविषयी आहे.

एकटीने जाण्यामागे काही मोठा विचार नव्हता. नवऱ्याला घरच्या उशीशिवाय झोप लागत नाही, मैत्रिणींच्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत, आणि महिलांच्या खास सहलींत पहाटे सहाला बॅग दाराबाहेर काढून ठेवण्याची जी शिस्त लागते ती माझ्यात नाही. सासूबाईंना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "कुणाबरोबर चाललीस?" मी म्हटले, "कुणाबरोबर नाही, आई." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे बँकेतल्या बायका असतील." त्यांच्या लेखी वाक्य पुरे होण्यासाठी कुणीतरी बरोबर असणे आवश्यक होते.

हाच प्रश्न डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघालेल्या आनंदीबाई जोशी यांना १८८३ मध्ये इतक्या जणांनी विचारला होता, की त्या वर्षीच्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या, नगर जिल्ह्यातल्या नव्हे) कॉलेजात त्यांनी जे जाहीर भाषण केले, त्यात 'मी एकटी का जाते' हा प्रश्न स्वतंत्रपणे घेऊन त्याचे उत्तर दिले. तेव्हा त्यांना अठरा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. त्या उत्तराचा आरंभ मला फार आवडतो, कारण तिथे धैर्य किंवा स्वातंत्र्य असले शब्द येत नाहीत. आधी दोघांनीच जायचे ठरले होते, पण तेवढा पैसा नाही आणि पतीवर वृद्ध आईवडिलांचा व धाकट्या भावांचा भार आहे, असे त्या सांगतात. त्या एप्रिलमध्ये मिशनरी बायकांच्या सोबतीने त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. एका मराठी बाईच्या समुद्रप्रवासाचे समर्थन खर्चाच्या हिशेबापासून सुरू होते, ही गोष्ट आम्हा हिशेबनिसांनी तरी लक्षात ठेवायला हवी.

आता हनोई. विमान रात्री साडेनऊला उतरले. विमानतळावरून शहरात ८६ क्रमांकाची बस जाते आणि तिचे तिकीट तेव्हा ३५ हजार डाँग होते, म्हणजे आपले शंभर रुपये आणि वर थोडेसे. टॅक्सीला त्याच्या जवळजवळ दहापट. माझ्याच विमानातून उतरलेला पंचविशीतला एक मुलगा पाठीवरची पिशवी मांडीवर घेऊन बसमध्ये बसला आणि खिडकीला डोके टेकवून झोपलादेखील. मी टॅक्सी केली, कारण बसथांब्यापासून हॉटेलपर्यंतच्या ज्या अर्ध्या किलोमीटरच्या गल्ल्या मी पाहिलेल्या नव्हत्या, त्या रात्री अकराच्या सुमारास पहिल्यांदा पाहण्याची माझी तयारी नव्हती. हॉटेलही गल्लीतल्या स्वस्त घरगुती मुक्कामाऐवजी मुख्य रस्त्यावरचे घेतले होते. पहिल्या दोन रात्री बाहेर जेवायला न जाता हॉटेलातच महागडे सूप प्यायले. बारा दिवसांनी बेरीज केली तेव्हा चारही रकाने अंदाजपत्रकाच्या आसपास होते आणि किरकोळ खर्च मात्र तिप्पट झाला होता, कारण असे प्रत्येक जादा पैसे मी संकोचाने तिथे लोटत गेले होते.

किरकोळ खाते फुगू लागले की ते फोडून पाहावे, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकवले होते. परतीच्या विमानात मी ते फोडले आणि वहीत पाचवा रकाना आखला. त्यात नोंद करण्याचा नियम एकच ठेवला : मी पुरुष असते तर हा खर्च केला असता का? उत्तर 'नाही' असेल तर रक्कम तिथे जाईल. एकट्या प्रवाशाकडून खोलीचे जास्त पैसे घेतात, ते इथे बसत नाहीत, कारण तो एकटेपणाचा खर्च आहे आणि एकटा पुरुषही तो देतोच. रकान्याला नाव काय द्यावे ते सुचेना. 'सुरक्षा' लिहिले तर विम्याचा हप्ता वाटत होता आणि 'भीती' लिहायला लाज वाटत होती. मथळ्याची जागा कोरी राहिली, ती आजपर्यंत तशीच आहे.

हनोईच्या त्या रकान्यात ६,४०० रुपये भरले. त्यांतले निम्म्याहून अधिक वाया गेले, असे माझे आजचे मत आहे. तिसऱ्या रात्री मी धीर करून बाहेर पडले, तेव्हा जुन्या वस्तीतल्या पदपथांवर प्लॅस्टिकची बुटकी स्टुले मांडून माझ्या वयाच्या बायका उशिरापर्यंत फोचे, म्हणजे तिथल्या शेवयांच्या सूपचे, वाडगे भरताना दिसल्या आणि आजूबाजूला पोरेबाळे खेळत होती. ज्या रस्त्यावर बायका धंदा करीत बसल्या आहेत तो रस्ता चालण्यासारखा असतो, हा ठोकताळा मी तिथे घेतला आणि तो पुढे फारसा चुकला नाही. घरून निघताना भीतीची एक ठोक रक्कम आपल्या हातात दिलेली असते, सगळ्या देशांसाठी आणि सगळ्या वेळांसाठी सारखीच. ती मोडून सुटे पैसे करता येतात, हे एकटीला जावे लागल्याशिवाय कळत नाही.

याचा अर्थ भीती खोटी असते असा नव्हे. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, सायकलवरून सुमारे २९ हजार किलोमीटर अंतर कापून जगाला वळसा घालून आली. तिला चाकूच्या धाकाने लुटले ते स्पेनमध्ये, जिथे आपल्याकडचे लोक मुलींना बिनघोर पाठवतात. पोर्तुगालला जाण्यापूर्वी एका एजंटाने मला व्हिसाच्या अर्जासोबत नवऱ्याचे संमतिपत्र जोडा असा सल्ला दिला होता. कागदपत्रांच्या यादीत ३० हजार युरोंचा विमा होता, बँकेचे खातेउतारे होते, संमतिपत्र कुठेही नव्हते. मी ते जोडले नाही आणि व्हिसा आला. पोर्तुगालविषयी याहून जास्त लिहिण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. लिस्बनचे चढ गुडघ्यांना सोसले नाहीत, एवढेच.

तुर्कस्तानात मात्र रकान्याची परीक्षा झाली. इस्तंबूलमध्ये सुलतानअहमद चौकात उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या एका गृहस्थाने मशिदीचा इतिहास सांगायला सुरुवात केली आणि वीस मिनिटांनी मी एका गालिच्यांच्या दुकानात सफरचंदाचा चहा पीत बसले होते. कुणी बळजबरी केलेली नव्हती. बळजबरी माझ्याच संस्कारांची होती. कुणी आदराने बोलत असताना उठून जाणे, चहा नाकारणे, कारण न देता 'नको' म्हणणे, यांतले काहीही मला येत नव्हते. मी कारणे देत गेले आणि प्रत्येक कारणाला त्याच्याकडे उत्तर होते. बॅगेत जागा नाही? घडी लहान होते. पैसे नाहीत? कार्ड चालते. शेवटी हातरुमालाहून जरा मोठे किलीम, म्हणजे पातळ विणीचा गालिचा, घेऊन बाहेर पडले. ही रक्कम पाचव्या रकान्यात टाकावी की नाही यावर मी बराच विचार केला. पुरुषही फसतात, हे खरे आहे. पण मी गालिच्याला फसले नव्हते. मी उद्धट दिसण्याच्या भीतीला पैसे मोजले होते. रक्कम पाचव्यातच टाकली.

दोन दिवसांनी कॅपाडोशियाला जाणारी रात्रीची बस पकडली. तिथे लांब पल्ल्याच्या बसचे तिकीट काढताना स्त्री की पुरुष हे विचारतात आणि एकट्या बाईच्या शेजारची जागा अनोळखी पुरुषाला देत नाहीत. सुटल्यावर थोड्या वेळाने बसचा पोऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर लिंबाच्या वासाचे कोलोन ओततो, ते चेहऱ्याला आणि मानेला चोळायचे असते. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या. मोबाइलवरच्या भाषांतराच्या आधाराने मी त्यांना 'तेयझे' म्हणू लागले. तेयझे म्हणजे मावशीच, कारण आत्येसाठी त्यांच्याकडे 'हाला' हा निराळा शब्द आहे. आईची बहीण आणि वडिलांची बहीण यांची गल्लत न करणाऱ्या माणसांत मला लगेच घरी आल्यासारखे वाटले.

पुढचे अकरा-बारा तास तेयझेंनी माझा ताबा घेतला. नवरा कुठे आहे, त्याने कसे सोडले, मुलगे किती, एकच का, सुनेचे काय, हे सगळे विचारून झाले. आपल्या लाल डब्यात नाशिकपर्यंत जी चौकशी होते तिच्यात आणि हिच्यात भाषेखेरीज काही फरक नव्हता. बस थांबली की त्या मला मनगटाला धरून स्वच्छतागृहापर्यंत नेत आणि बाहेर पहारा देत. त्या रात्री पाचव्या रकान्यात शून्य पडले, पण ते शून्य फुकटचे नव्हते. मोबदला मी माझ्या संसाराच्या संपूर्ण माहितीने चुकवला होता. पाहुण्या बाईला मिळणारे संरक्षण बहुतेक ठिकाणी अशा अटीवर मिळते, की तिने स्वतःला कुणाची तरी बायको, आई किंवा मुलगी म्हणून तिथल्या बायकांच्या हवाली करावे. मला त्याचा राग आला नाही. पंचविशीतल्या मुलीला येईल आणि तो योग्यच असेल.

गालिच्याची हकीकत ऐकल्यावर तेयझे खूप हसल्या. मग त्यांनी मला नाही म्हणायला शिकवले. तिथे त्यासाठी शब्दही लागत नाही. भुवया वर उचलायच्या, हनुवटी किंचित वर न्यायची आणि जिभेने एकदाच 'च्क' करायचे. आपल्याकडेही असा आवाज आहे, पण तो आपण हळहळीसाठी वापरतो, आणि माझ्या तोंडून पहाटेपर्यंत हळहळच निघत होती. तेयझे मान हलवत राहिल्या. सकाळी कॅपाडोशियातल्या गोरेमे गावाच्या थांब्यावर एक टॅक्सीवाला पुढे आला, तेव्हा पहिल्यांदा ते मला नीट जमले. तो माणूस मुळीच न रागावता दुसऱ्या प्रवाशाकडे वळला. नकाराला कारण जोडले नाही तर समोरच्याचेही काम लवकर संपते, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळले.

जपानमध्ये पहिले आठ दिवस रकाना रिकामा राहिला. रात्री अकराला टोकियोच्या रस्त्यांवरून चालत मुक्कामाला परतले, कॅप्सूल हॉटेलात बायकांसाठी राखलेल्या मजल्यावर झोपले. पाठीवर दप्तर घेतलेली पहिली-दुसरीतली मुले आगगाडीतून एकटी शाळेत जाताना पाहिली. उपाहारगृहाच्या दारात किती माणसे असे विचारतात, तेव्हा मी एक बोट वर करून 'हितोरी' म्हणायचे. एकट्याने आलेल्या गिऱ्हाइकाला तिथे 'ओहितोरीसामा' असा शब्द आहे, ज्यात 'एकटी'च्या पुढेही आदरार्थी जोड आहे आणि मागेही. आपल्या 'एकटी'च्या पुढेमागे 'बिचारी' आणि 'गं' याखेरीज काय लागते ते मला आठवेना.

नवव्या दिवशी सकाळच्या गर्दीत फलाटावर गुलाबी पट्टा दिसला. त्या वेळेपुरता त्या पट्ट्यासमोर थांबणारा डबा बायकांसाठी राखीव होता. लग्नापूर्वी गोरेगावला राहत असताना मी पश्चिम रेल्वेची लेडीज स्पेशल पाहिली आहे. चर्चगेट ते बोरिवली ही अख्खी बायकांची गाडी ५ मे १९९२ रोजी सुरू झाली, आणि टोकियोतले हे डबे २००० नंतर रुळले. कारण दोन्हीकडे तेच : गर्दीचा फायदा घेणारे हात. त्याच सुमारास हेही कळले, की तिथे विकल्या जाणाऱ्या मोबाइलच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही. बायकांचे चोरून फोटो काढले जातात म्हणून कंपन्यांनी स्वतःहून ती पद्धत ठेवली आहे. माझ्या वहीतल्या आठ शून्यांकडे मी पुन्हा पाहिले. खर्च झालाच नव्हता, असे ते सांगत नव्हते. तो दुसऱ्या कुणाच्या तरी खतावणीत, रेल्वेच्या, कारखान्याच्या आणि तिथे रोज प्रवास करणाऱ्या मुलींच्या नावे पडला होता, आणि मी तीन आठवड्यांची पाहुणी त्याच्या जमेवर निवांत फिरत होते.

परतल्यावर मुंबईहून पुण्याला येणारी गाडी रात्री पावणेअकराला स्टेशनात शिरली. घर तिथून दीड किलोमीटर आहे आणि वाटेतला एकेक खड्डा मला ठाऊक आहे. तरी मी रिक्षा केली. रिक्षावाल्याने मीटरच्या वर पन्नास रुपये मागितले, ते दिले. घरी येऊन सवयीने वही उघडली आणि हात थांबला, कारण प्रवासाचा हिशेब फलाटावरच बंद करायचा माझा नियम होता. मग घरखर्चाची डायरी काढली आणि तिच्यात एक रकाना आखला.

महिनाभर प्रामाणिकपणे नोंदी केल्या. रात्रीच्या रिक्षा आल्या. नाट्यगृहातून बाहेर पडायला उशीर होईल म्हणून फुकट गेलेले एक तिकीट आले. भाचीच्या खोलीचे भाडेही आले, कारण तिच्या भाड्यातला माझा वाटा दरमहा हजार रुपयांनी वाढला होता. तिने जुन्या खोलीपेक्षा महाग खोली घेतली होती, ती केवळ त्या गल्लीत दिवे आहेत म्हणून. महिनाअखेर एकूण २,३४० रुपये झाले. नवरा माझ्या आकड्यांवर सहसा शंका घेत नाही. त्या दिवशी त्याने चष्मा लावला, डायरी स्वतःकडे ओढली आणि पेन्सिलीने वरपासून खालपर्यंत बेरीज केली. मग खालून वर केली. मी चहा टाकायला उठले, कारण तेरीज मी आदल्या रात्रीच जुळवून ठेवलेली होती.