घरच्या शाळेचा पहिला सोमवार

आजपासून लेकीची शाळा घरीच. सकाळी हौसेने वेळापत्रक भिंतीला चिकटवलं, बालभारतीचं चौथीचं गणित उघडलं आणि अर्ध्या तासात दोघींचेही डोळे भरून आले. पुस्तक मिटलं.

दुपारी थालीपीठ लावताना तिनेच विचारलं, "आई, पाव वाटी चारदा भरली की एक होते ना?" मग सगळा ओटा वाट्यांनी भरला. परातीत पसरलेल्या भाजणीवर तिने बोटाने पाव, अर्धा, पाऊण लिहून काढलं. किती वेळ बघत राहिले मी!

सासूबाईंना काळजी दहावीची. शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्यायला १७ नंबरचा फॉर्म असतो, शिवाय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून १४ वर्षं पूर्ण झाली की बसता येतं, हे सांगितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. रात्री मात्र नातीला कुशीत घेऊन पावकीचा पाढा शिकवत होत्या.