औंधचं संग्रहालय आपल्या सांगलीकरांचंही आहे

किर्लोस्करवाडी स्टेशन आलं की अण्णा सवयीनं उठून पिशवी उचलतात. त्यांचं कुंडल तिथून हाकेच्या अंतरावर. परवा मी त्यांना परत बसवलं, कारण आम्हाला रहिमतपूरला उतरून औंध गाठायचं होतं, श्री भवानी चित्रसंग्रहालय बघायला.

"माझे वडील औंधच्या राजाची रयत," अण्णा समोरच्या बाईंना सांगत होते. खरंच आहे ते. औंध संस्थान जेमतेम ७२ गावांचं आणि तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. औंध साताऱ्यात, पण कुंडल आणि आटपाडी आज आपल्या सांगली जिल्ह्यात. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कारखान्यासाठी कुंडलजवळचा माळ दिला तो याच संस्थानानं. कऱ्हाड स्टेशन लागलं तेव्हा अण्णांनी खिडकीतून बोट दाखवलं. ही ओगलेवाडी, प्रभाकर कंदिलाची. तीही संस्थानातलीच. त्यांच्या आजीच्या सोप्यात तोच कंदील टांगलेला असे आणि राखेनं काच पुसायचं काम अण्णांकडे. रेल्वेनं जाण्यात हा फायदा आहे. संग्रहालयात पोचायच्या आधीच संस्थान बघून होतं.

रहिमतपूरचं स्टेशन गावापासून लांब पडतं. बाहेर वडाप मिळालं तर ठीक, नाहीतर रिक्षानं गावात जाऊन स्टँडवरून औंधची गाडी पकडायची. सोबत म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर सरळ घरून चारचाकी काढा. सोमवारी मात्र जाऊ नका. गेल्या वर्षी आम्ही सोमवारीच गेलो आणि बंद दार बघून परत आलो. अण्णा त्या दिवशी परतीच्या वाटेवर फारसं बोलले नाहीत, ते माझ्या मनाला लागून राहिलं होतं.

संग्रहालय यमाईच्या डोंगरावर, निम्म्या चढावर आहे. वर देवीचं मूळपीठ, म्हणजे मूळ देऊळ. पायऱ्या आहेत आणि गाडीरस्ताही आहे. बहुतेक लोक आधी देवीला जातात आणि उतरताना घामाघूम होऊन संग्रहालयात डोकावतात. तसं करू नका. सकाळी उघडल्या उघडल्या आत जा, पाय ताजे असताना बघा, मग देवीला जा. पौष महिन्यात यात्रा असते, तेव्हा गर्दीत चित्रं बघणं होत नाही. पाण्याची बाटली आणि दुपारची शिदोरी घरूनच घ्या. आम्ही भाकरी, मेथीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती.

हे संग्रहालय १९३८ मध्ये उभं राहिलं. उभं करणारे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, म्हणजे बाळासाहेब. स्वतः चित्रकार. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे तेच. आत त्यांच्या हातची चित्रं आहेत, राजा रविवर्मा आहेत, चित्रकार म. वि. धुरंधर आहेत, जुनी लघुचित्रं आहेत, चंदनावरचं आणि हस्तिदंतावरचं कोरीवकाम आहे. सगळं एका दमात बघायला गेलात तर काहीच लक्षात राहणार नाही. आम्ही पहिल्या दालनात इतके रमलो की शेवटची दालनं भरभर उरकावी लागली. निदान तीन तास हाताशी ठेवा.

मुलं बरोबर असतील तर रविवर्म्यांच्या 'सैरंध्री'पुढं उभं राहण्याआधी गोष्ट सांगा. अज्ञातवासातली द्रौपदी, राणी तिला कीचकाच्या महालात पाठवते, आणि नाही म्हणायची सोय नाही. गोष्ट माहीत असली की चित्र उलगडतं. माझ्या मुलीनं एकच विचारलं, "तिला कुणी सोबत का नाही गेलं?" अण्णांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तैलचित्रं आधी चार पावलं मागून बघा, मग जवळ जा. लांबून जे कापड वाटतं ते जवळून नुसते रंगाचे फटकारे असतात.

चंदनाच्या कोरीवकामापाशी अण्णा बराच वेळ थांबले. त्यांची हयात लेथवर गेली, धातू किती घासायचा हे बोटांना कळतं. चष्मा काचेला जवळजवळ टेकवून ते म्हणाले, "इथं हात चुकला असता तर सगळंच गेलं असतं. लाकूड परत जोडता येत नाही." कारागिराचं काम कारागिरानं बघावं ते असं.

आणि हेन्री मूर. विसाव्या शतकातल्या मोठ्या इंग्रज शिल्पकाराचं 'आई आणि मूल' हे दगडी शिल्प खटाव तालुक्यातल्या या डोंगरावर आहे, हे आपल्याकडं किती जणांना ठाऊक आहे? इतर मूर्तींसारखे रेखीव दागदागिने शोधू नका, सगळं आकारातच आहे. एका बाजूनं बघून पुढं सरकू नका, जागा बदलत बघा. मला या संग्रहालयातलं सर्वांत जास्त हेच आवडलं.

एवढ्याशा संस्थानाच्या राजानं हे सगळं जमवलं आणि त्याच सुमारास राज्यही रयतेच्या हाती दिलं. गांधीजींच्या सल्ल्यानं तयार झालेली औंधची राज्यघटना जानेवारी १९३९ मध्ये लागू झाली. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली, कैद्यांना भिंतीशिवाय ठेवणारी. मला हे दोन्ही वेगळे वाटत नाहीत. आटपाडी, विट्याकडच्या शाळांच्या सहली जरूर इथं याव्यात, मुलांना आपल्याच गावचा इतिहास भेटेल.

वेळ उरला तर गावातलं यमाईचं देऊळ आणि त्याची उंच दीपमाळ बघा. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकरांनी ३० वर्षं याच गावात वेदांचं काम केलं.

परतीच्या गाडीत किर्लोस्करवाडी आली आणि अण्णा उठले. या वेळी मी थांबवलं नाही. "भाऊला सांगून येतो," म्हणाले. भाऊ म्हणजे त्यांचा कुंडलचा चुलतभाऊ, वय ८१, औंध अजून बघितलेलं नाही. रात्री फोन आला. पुढच्या बुधवारी दोघांना घेऊन जायचंय, आणि गाडीच करायची आहे, भाऊंचे गुडघे दुखतात.