कोन अज्ञात?

रात्रीचे साडेअकरा. लाईन आत्ता आली.

काल बाबांच्या वाकसाची, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराची, नोंद जुन्या हत्यारांच्या ऑनलाइन यादीत चढवताना ‘निर्माता’च्या रकान्यात ‘अज्ञात’ लिहिलं आणि पुढं गेलो. हात थबकलासुद्धा नाही. सकाळी मायनं मोबाईल लांब धरून अक्षर अक्षर जुळवत सगळं वाचलं अन् म्हणाली, "कोन अज्ञात? आपल्या लोहारानं घडवला ना थो!"

तेव्हापासून काही गोड लागेना.

रंध्याच्या वेळी कसा जीव टाकला होता मी! जिनिंगच्या लिलावात बाबांनी घेतलेला तो स्टॅनले या अमेरिकन कंपनीचा चार नंबरचा रंधा. रॉकेलनं गंज उतरवला, मुठीच्या पुढं ओतीव लोखंडातली अक्षरं दात घासायच्या ब्रशनं मोकळी केली. पेटंटच्या तीन तारखा निघाल्या: २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२, १९ एप्रिल १९१०. फोटो टाकला, तासाभरात अमेरिकेतल्या एका गड्यानं कळवलं की तीन तारखा म्हणजे १९१० ते १९१८ मधला माल. मूळ डोकं लेनर्ड बेलीचं, त्याचे हक्क स्टॅनलेनं १८६९ मध्ये विकत घेतले. दिवसभर माझे पाय जमिनीवर नव्हते. आमच्या गोठ्यातली वस्तू जगाच्या वहीत गेली!

आणि वाकस? ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून घडवलेला. दांडा बाभळीचा, तिसरा की चौथा देव जाणे. दांड्याच्या भोकापाशी छिन्नीच्या तीन बारीक खाचा, बोट फिरवलं की लागतात. निम्म्या गावच्या तिफणी यानंच तासल्या. माझा तान्ह्या पोळ्याचा नंदीही. त्याच्या वाट्याला ‘अज्ञात’. परक्यानं लिहिलं असतं तर भांडलो असतो.

दुपारभर स्वतःचीच कीव करत बसलो. फोटो काढा, मापं घ्या, रात्री लाईनची वाट बघा, कोणासाठी हे सगळं? दादानं हत्यारांची पेटी भंगारवाल्याला दिली तेव्हा बाबा एक शब्द बोलले नव्हते. असो.

मग डोक्यात आलं की त्या तारखा कंपनीनं इतिहासासाठी ओतल्याच नव्हत्या. अमेरिकेत तेव्हा पेटंट १७ वर्षं चाले. तोवर नक्कल कराल तर खबरदार, एवढाच त्यांचा अर्थ. आमच्या लोहाराला कशाची धास्ती? वाकस बोथटला की फिरून त्याच्याच भात्यापाशी यायचा. खाचा पाहिल्या की आपला की शेजारच्या गावचा, ते त्याला कळायचं. गाव त्याला ओळखतं, तो गावाला. नाव कशाला कोरेल?

हे पटलं. पण मग मला तरी त्याचं नाव कुठं ठाऊक आहे? पन्नाशीला आलो, आजवर ‘लोहारबुवा’च म्हणत आलो. म्हणजे मी लिहिलं ते खोटं नव्हतं. तेच टोचतंय.

संध्याकाळी मायला विचारलं. नाव तिलाही सांगता येईना. साल मात्र तोंडपाठ. "तू झाला त्याच्या आंधीच्या पोळ्याले. तुह्या बाबानं दोन पायल्या जवारी देल्ली."

म्हणजे १९७५चा पोळा. तारखा वाचून अमेरिकेच्या गड्यानं आठ वर्षांचा अंदाज दिला, मायनं नेमका सण सांगितला. फार दिवसांनी एकट्यानंच हसलो.

रकाना रिकामा ठेवून पाहिला, तर फॉर्म पुढं सरकेना. शेवटी लिहिलं, ‘लोहार. नाव विचारून कळवतो.’

त्याचा पोरगा आर्वीला खिडक्यांच्या जाळ्या वेल्डिंग करतो म्हणतात. रविवारी वाकस घेऊन जाईन म्हणतो. बापाच्या खाचा ओळखेल का, कोण जाणे.

मायला सांगितलं, तर म्हणाली, "जाऊनच रायला तं इळा बी घेऊन जाय. धार गेली त्याची."