नाव नव्याचं, माल जुना

२९ मार्च २०२४, गुड फ्रायडेची सुट्टी. रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडला आणि सवयीने अपग्रेड चालवलं. मी डेबियन या लिनक्स प्रणालीची ‘सिड’ वापरते, म्हणजे रोज बदलणारी कच्ची आवृत्ती. डेबियनमधलं एक पॅकेज, म्हणजे वापरायला तयार बांधलेला प्रोग्रॅम, मी सांभाळते, त्याला ती सोयीची पडते. त्या दिवसांत सिडमध्ये वेळेचा आकडा ३२ बिटांवरून ६४ बिटांवर नेण्याचं भलंथोरलं काम चालू होतं आणि पॅकेजं एकमेकांत पाय अडकून बसलेली असायची. त्यामुळे यादी वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा नियमच केला होता. त्या यादीत एक ओळ खटकली. एक्सझेड-युटिल्स, म्हणजे फायली दाबून लहान करणारी साधनं: आधीची ५.६.१-१, नवी ५.६.१+रिअली५.४.५-१.

डेबियनमध्ये आवृत्तीचा आकडा मागे नेता येत नाही. नवी बाद करून जुनी द्यायची असेल तर नवा आकडा तसाच ठेवून त्याला ‘रिअली’चं शेपूट लावतात. नाव नव्याचं, माल जुना. मीही एकदा चुकीचा टारबॉल (कोडचा गठ्ठा) चढवल्यावर हेच केलं होतं. वाटलं, कुणाची तरी घाई नडलेली दिसते. अपग्रेड होऊ दिलं आणि भांडी लावायला गेले.

परत येईपर्यंत अँड्रेस फ्रॉइंडचं टिपण येऊन पडलं होतं. हा माणूस पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करतो. सिडवरच काही मोजमापं घेताना त्याला दिसलं, की एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरायला, साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! मी असते तर वाय-फायला शिव्या घालून मोकळी झाले असते. तो मात्र खणत खणत एक्सझेडच्या लिबएलझेडएमए या लायब्ररीपर्यंत पोचला. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, होता, आणि त्याचं लक्ष्य होतं एसएसएच सर्व्हर.

वाचताना पोटात गोळा आला तो पुढच्या तपशिलाने. मूळ ओपनएसएसएचला, म्हणजे नेहमीच्या एसएसएच सर्व्हरला, लिबएलझेडएमए लागतच नाही. सर्व्हर सुरू झाला हे सिस्टमडीला (सेवा चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमला) कळावं म्हणून डेबियन त्यात स्वतःचा एक पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, घालत होतं, त्यातून लिबसिस्टमडी ही लायब्ररी यायची आणि तिच्या पदराला धरून लिबएलझेडएमए. म्हणजे चोराने शिडी आमचीच वापरली होती.

आणि माझ्या घराचं दार उघडं होतं. ऑफिसातून घरचं मशीन गाठता यावं म्हणून मी जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी घेतलेला, राउटरवर एसएसएचचा पोर्ट २२ थेट या लॅपटॉपकडे वळवलेला. मी उठून राउटरची वायरच उपटली.

“अगं, मॅच!” बाहेरून आवाज आला. बंगलोर-कोलकाता चालू होती.

“फोनवर बघ.”

ते ‘रिअली’ काय होतं ते आता कळलं. बातमी जाहीर व्हायच्या आदल्याच दिवशी कुणीतरी गुपचूप जुना माल परत चढवला होता. पण माझ्या मशीनवर आधी ५.६.० आणि मग ५.६.१ बरेच दिवस नांदून गेल्या होत्या आणि डेबियनवर अपलोड करताना मी ज्या डिजिटल कीने सही करते, तीही त्याच मशीनवर होती. त्या कीवर सह्या मिळवायला मी सप्टेंबर २०२३ मध्ये कोचीच्या डेबकॉन्फला, डेबियनच्या परिषदेला, गेले होते. पासपोर्ट हातात घेऊन एकेकाला भेटायचं, तो फोटो बघणार, चेहरा बघणार, मग सही. तेव्हा या सोपस्काराचं हसू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी रंगपंचमी. खाली पोरांचा दंगा, आणि मी डिस्क पुसून डेबियनची पक्की आवृत्ती ‘स्टेबल’ टाकत बसलेले. स्टेबलमधली एक्सझेड जुनी होती, तिला धक्का लागला नव्हता. मुलगी दोनदा बोलवायला आली. तिसऱ्यांदा पिचकारी घेऊन आली तेव्हा मी लॅपटॉप पोटाशी धरून ओरडले. बिचारी हिरमुसून गेली.

त्या दुपारी मी माझं पॅकेज तपासलं. ऑडिओ फायलींचे टॅग नीट करणारं चिमुकलं साधन, वापरणारे फार तर काहीशे. त्याचा मूळ लेखक कंटाळून बाजूला झाल्यापासून मूळ कोड आणि डेबियनचं पॅकेज, दोन्ही मीच बघते. एक्सझेडमधला कळीचा धागा गिटमध्ये, म्हणजे कोडच्या उघड्या बदलवहीत, नव्हताच. बायनरी तुकडे चाचणीच्या फायली म्हणून गिटमध्ये होते, पण त्यांना जागं करणारी एमफोर फाइल (बांधणीच्या सूचनांची) फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती. म्हणून मी आमचा टारबॉल आणि गिटमधला टॅग (त्याच आवृत्तीची खूण) शेजारी ठेवून डिफ, म्हणजे फरकांची यादी, काढला. पडदा धावतच सुटला. हजारो ओळी, सगळ्या बांधणीच्या त्या ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्टच्या, यंत्राने लिहिलेल्या. चार वर्षांत मी त्यातली एक ओळ वाचलेली नव्हती. मी दहा मिनिटं वाचली आणि सोडून दिली. त्यात कुणी काही पेरलं असतं तर मला दिसलंच नसतं. शेवटी टारबॉल घेणंच बंद केलं. आता पॅकेज थेट टॅगवरून बनतं, स्क्रिप्ट इथेच तयार होते.

संध्याकाळी बॅकडोअर घालणाऱ्या ‘जिया टॅन’ या नावाचा सगळा मागोवा लोकांनी बाहेर काढला होता. २०२१ पासून पॅच. मग २०२२ मध्ये भलत्याच नावांनी येऊन एक्सझेडच्या मूळ लेखकाला टोचणं: काम रेंगाळतंय, दुसऱ्याला दे. त्याने उत्तरात सांगितलं होतं, की हा बिनपैशाचा छंद आहे. नंतर त्याने मदतीला आलेल्या या जियाला कोड बदलायचे हक्क दिले. त्यात त्याचं काय चुकलं, मला खरंच सांगता येत नाही.

कारण माझ्या ड्राफ्ट्समध्येही गुरुवारी लिहिलेलं एक पत्र होतं. दीड वर्षापासून एक जण मला पॅच पाठवतो. नेटके, चाचण्यांसकट, कमिटचा (बदलाच्या नोंदीचा) मजकूरही सुरेख. नाव बहुधा टोपणनाव, देश माहीत नाही. पत्रात लिहिलं होतं: तुम्हाला कमिटचे हक्क द्यायला आवडेल, माझ्याने एकटीने होत नाही. फक्त पाठवायचं राहिलं होतं.

त्या आठवड्यात डेबियनने स्टेबलच्या १२.६ या सुधारित आवृत्तीची ६ एप्रिलची तारीख रद्द केली. माझी एक दुरुस्ती त्यात होती, ती लोकांपर्यंत पोचायला २९ जून उजाडला. मी नवी की केली, पोर्ट २२ कायमचा बंद केला.

सोमवारी त्या पॅचवाल्याचा नवा पॅच आला. मॅन पेजमधलं (मदतीच्या पानातलं) एक चुकलेलं स्पेलिंग, एक ओळ. ती मी तीनदा वाचली. मग त्याने त्या फायलीत आधी काय काय बदललंय ते काढून वाचलं. मग त्याचे दीड वर्षातले सगळे पॅच. त्यात चार दिवस गेले. काही सापडलं नाही.

शुक्रवारी त्याची दोन ओळींची चिठ्ठी आली: एरवी तुम्ही त्याच दिवशी उत्तर देता. तब्येत बरी आहे ना?