ट्रकचा जुना मागचा एक्सल घेताना आधी रेशो मोजा, मग सौदा

जुन्या मालाच्या यार्डात बाहेरून सारखी दिसणारी दोन हाऊसिंग, म्हणजे एक्सलची कवचं, आतून वेगळ्या क्राउन-पिनियनची (चाकं फिरवणाऱ्या मोठ्या आणि लहान गिअरच्या जोडीची) निघतात. हाऊसिंगवरच्या पाटीवरही विसंबू नका, कारण हाऊसिंग एका गाडीचं आणि आतला डिफरन्शियल (क्राउन-पिनियनसकट गिअरचा संच) दुसरीचा असा माल सर्रास विकला जातो. डिफरन्शियल बाहेर काढलेला असेल तर रेशो म्हणजे क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात, एवढंच गणित.

एक्सल गाडीखाली असेल तर गिअर न्यूट्रल, डिफरन्शियल लॉक बंद आणि एकच बाजू जॅकवर. हात फिरवायला पार्किंग ब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांना आणि मागच्या टेकलेल्या चाकाला दोन्हीकडून ठोकळे लावा. मग उचललेलं चाक २० फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतच्या फिरत्या दांड्याचे) फेरे मोजून १० ने भागा. दुसरं चाक स्थिर असल्यामुळे क्राउन निम्मेच फिरतो, म्हणून २० नाही, १०. शाफ्टचे साधारण साडेअठ्ठावन्न फेरे झाले तर ४१/७, म्हणजे ५.८६, साडेएकसष्टच्या आसपास झाले तर ४३/७, म्हणजे ६.१४; अडुसष्ट झाले तर ४१/६, म्हणजे ६.८३. चाकाचे दोनच फेरे मोजले तर पहिले दोन रेशो ओळखू येत नाहीत.

रेशो कामावरून ठरवा. १०.०० आर २० टायरचा घेर साधारण ३.२ मीटर धरला आणि टॉप गिअर डायरेक्ट (१:१) असेल, तर २,००० आरपीएमला ४१/७ वर ताशी ६६ किमी आणि ४१/६ वर ५६ किमी वेग मिळतो. गळीत हंगामात काळ्या रानातून ऊस भरून निघणाऱ्या किंवा मांजरसुंब्याचा घाट भरलेली चढणाऱ्या गाडीला ४१/६ चांगला. तोच एक्सल जालन्याहून सळई घेऊन दिवसभर हायवेवर धावणाऱ्या गाडीला लावला तर इंजिन कायम वर ओरडत राहील आणि डिझेल वाढेल. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर ४१/७ काढून ४१/६ बसवल्यावर तो खऱ्यापेक्षा सुमारे १७ टक्के जास्त दाखवतो.

दहा चाकी गाडीत मागच्या दोन्ही एक्सलचा रेशो अगदी एकच हवा. एकात ४१/७ आणि दुसऱ्यात ४३/७ असेल तर दोन एक्सलच्या मधला डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही फिरत राहतो, तापतो आणि शेवटी जळतो. टायरचा घेर वेगळा असला तरी तेच होतं.

मग मापं घ्या. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) दोन सीटमधलं मध्य ते मध्य अंतर, ड्रम ते ड्रम रुंदी, पिनियन फ्लँजचे बोल्ट आणि चाकाचे स्टड. दहा स्टडच्या चाकांत स्टडच्या वर्तुळाचा व्यास बहुतेक ३३५ मिमी असतो, तरी मोजाच. ड्रमचा व्यास, लायनरची रुंदी आणि स्लॅक अॅडजस्टरची (ब्रेक फिरवणाऱ्या दांडीची) लांबी दोन्ही बाजूंना सारखी नसेल तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. एबीएस असलेल्या गाडीत हबमागच्या रिंगचे दातही जुळले पाहिजेत.

हाऊसिंग पाट्याच्या सीटजवळ खालून वेल्ड केलेलं असेल तर घेऊच नका. भरलेल्या गाडीत सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो आणि वेल्डच्या कडेनं चीर पुढे जाते. क्राउन-पिनियनवरचे जोडीचे नंबर एकच हवेत. वेगळ्या जोडीचे एकत्र बसवले तर आवाज करतात आणि दात झिजतात.

मोठा एक्सल लावला म्हणून पासिंगचं, म्हणजे आरटीओनं मंजूर केलेलं, वजन वाढत नाही. २०१८ च्या अधिसूचनेनं चार टायरच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली, पण तुमच्या गाडीला आरसीवरचंच वजन लागू.

बसवताना एक्सल पाट्यांना आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या. पाट्यांच्या सेंटर बोल्टपाशी एक्सल नीट बसल्यावर दोन्ही बाजूंनी पुढच्या एक्सलपर्यंतचं अंतर मोजा. फरक राहिला तर टायर घासतात. पिनियनचा कोन बदलला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांध्याचा भाग) लवकर जातो, तेव्हा पाटे आणि सीट यांच्यामध्ये उताराची पट्टी घालून कोन जुळवा. हायपॉइड क्राउनला (ज्यात पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपासून सरकवून बसवलेला असतो) जीएल-५ दर्जाचंच तेल, बहुधा ८५डब्ल्यू-१४० लागतं. पहिली भरलेली खेप करून आल्यावर यू-बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचनं आवळा आणि हबवर हात ठेवून दोन्ही बाजू सारख्याच तापल्या आहेत का ते पाहा.