सीप्लेनसाठी देवबागला जाऊ नका (गेलातच तर भरती बघून जा)

परतीच्या तुतारी एक्सप्रेसमध्ये, सुजलेले पाय समोरच्या बर्थवर टाकून लिहितोय, त्यामुळे भाषा जरा कडक वाटली तर चालवून घ्या. मुद्दा आधी सांगतो. कोकणात कुणी 'सीप्लेन जॉयराइड' विकत असेल तर विमान डोळ्यांनी दिसल्याशिवाय एक रुपया पाठवू नका. आम्ही तिघांनी माणशी दोन हजार पाठवले होते. तारकर्लीला पोचल्यावर एजंट म्हणाला, "आज वारा आहे सर. त्याऐवजी पॅरासेलिंग प्लस बनाना राइड देतो."

वारा कसला? सकाळचे आठ वाजले होते. मतलई वारा पडलेला, खारा अजून सुटायचा होता, झावळीचं टोकसुद्धा हलत नव्हतं. विमान कुठलं म्हणून विचारलं तर त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. तो मालदीवचा होता, हे शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. दोन इंजिनांचं ट्विन ऑटर, निळंशार पाणी आणि फ्लोटवर (विमानाला चाकांऐवजी लावलेल्या तरंगत्या पायावर) अनवाणी उभा पायलट. पैसे भरण्याआधी हाच फोटो मागवला असता तर सहा हजार वाचले असते.

भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही पंचवीस वर्षं जहाजावर काढली, तुम्ही कसे फसलात?" बरोबर आहे त्याचं. पण मी फसलो तो बीव्हर नावाच्या एका विमानापायी.

2011 साली आमचं जहाज व्हँकुव्हरला लागलं होतं. अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली आणि बाकीचे मॉलमध्ये गेले. मी बंदरातल्या फ्लोटप्लेनच्या धक्क्यावर गेलो. डी हॅविलंड कॅनडाचं हे बीव्हर 16 ऑगस्ट 1947 ला पहिल्यांदा उडालं आणि 1967 पर्यंत सोळाशेच्या वर बनलं. पुढे नऊ सिलिंडरचं, 450 अश्वशक्तीचं रेडियल इंजिन. त्यात तेल ओतायचं तोंड चक्क कॉकपिटच्या आत, म्हणजे थंडीत बाहेर कुडकुडत उभं राहायला नको, उडताना पायाशीच तेल घालता येतं. इंजिनरूममधल्या माणसाने प्रेमात पडायला आणखी काय लागतं!

पायलट हातपंपाने फ्लोटचे कप्पे एकेक करून उपसत होता. रबरी गोळा काढायचा, पंप लावायचा, चार-सहा दट्टे मारायचे, पाणी संपून हवेचा आवाज आला की पुढचा कप्पा. आमच्याकडे तांडेल सकाळी होडीतलं पाणी काढतो ना, अगदी तसं. या विमानाला ब्रेक नसतात. इंजिन सुरू झालं की ते निघालंच. आधी नाक वर येतं, समोरचं काही दिसत नाही, मग फ्लोट पाण्यावर चढून घसरायला लागतात. पाण्याची पकड सुटावी म्हणून तो एक फ्लोट जरासा आधी उचलतो, आणि थडथड एकदम थांबते. त्या क्षणासाठी मी पुन्हा पैसे भरीन. परतल्यावर इंजिन बंद करून तो दोरी घेऊन फ्लोटवर उतरला आणि धक्क्याला विमान बांधलं. पायलट आणि खलाशी एकच माणूस. जेटमध्ये बसून हे कळत नाही.

असो. पॅरासेलिंगला नकार दिला (कमरेचं दुखणं), भांडून तीन हजार परत मिळवले आणि ठरवलं की आलोच आहोत तर विमान उतरू शकेल अशी जागा तरी बघू. देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथून नेरूरपारच्या पुलाकडे होडीने जायचं. हा माझा निर्णय होता आणि दिवसातला सगळ्यात वाईट तुकडा हाच.

पहिली चूक पैशांची. होडीवाल्याने साडेतीन हजार सांगितले आणि आम्ही घासाघीस न करता हो म्हणालो. संध्याकाळी खानावळीतल्या काकूंनी ऐकून कपाळावर हात मारला. "दोन हजारांच्या वर कोण देता?" दुसरी चूक तिथीची. पौर्णिमेचा दुसरा दिवस, म्हणजे उधाण. भरतीला पाणी जितकं चढतं तितकंच ओहोटीला उतरतं, हे शाळेत शिकलो होतो, होडीत बसताना आठवलं नाही. तांडेल दोनदा म्हणाला, "ओहोटी लागली, हंय रवान चलाचा नाय." मी मात्र पाण्याचे फोटो काढत बसलो.

पुलाच्या अलीकडे होडी गाळात बसली. अडीच तास. डोक्यावर ऊन, पाणी एक लिटर, माणसं चार. ढकलायला भाचा चपला काढून उतरला आणि चार पावलांत तळवा फाटला. गाळाखालच्या दगडाला कालवं चिकटलेली होती, त्यांची कड ब्लेडसारखी. जखम खाऱ्या पाण्याने धुताना त्याने जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही. वर 'टाइम गेला' म्हणून होडीवाल्याने आणखी पाचशे घेतले. कर्लीत जायचं तर जुने कॅनव्हासचे बूट घाला आणि भरती चढत असताना निघा. चंद्राची अष्टमी असेल तर उत्तम, भांगाच्या (भरती-ओहोटी कमी असण्याच्या) दिवसांत पाणी इतकं पळत नाही.

पण त्या अडीच तासांत माझा एक जुना गैरसमज गेला. आठच्या सुमाराला खाडी आरशासारखी होती आणि मित्र म्हणाला, "बघ, विमान उतरवायला काय जागा आहे!" मीही मान डोलावली होती. खरं तर आरशासारखं पाणी फ्लोटप्लेनला सगळ्यात घातक. तळ की पृष्ठभाग, दहा फूट की दोन, डोळ्याला काही कळत नाही. मग पायलट काठाला धरून येतो, झाडांवरून उंचीचा अंदाज घेतो, नाक किंचित वर ठेवतो, थोडी पॉवर ठेवून मिनिटाला साधारण दीडशे फुटांनी खाली येत राहतो आणि पाणी लागेपर्यंत काहीच करत नाही. नंतर खारा वारा आला, पाण्यावर बारीक शिरशिरी उठली, तेव्हा ती खाडी खरी उतरण्याजोगी झाली. मात्र तोवर निम्मी कोरडी पडली होती, आणि जाळ्यांचे खुंट उघडे. बाहेरच्या समुद्राचं तर नावच काढू नका. छोट्या फ्लोटला फूटभर लाटही फार, आणि मुखाशी वाळूवर फुटणाऱ्या लाटा कमरेएवढ्या.

मुंबईत डिसेंबर 2017 ला गिरगाव चौपाटीसमोर कोडियाक या सीप्लेनची चाचणी झाली, ऑक्टोबर 2020 ला साबरमतीहून ट्विन ऑटर सुरू झालं आणि 2021 मध्ये थांबलं. दोन्ही वेळा मी बातमी कापून ठेवली होती. आता कात्रणं ठेवणार नाही.

खरंच बसायचं असेल तर पैसे साठवून इटलीतल्या कोमोला जा. तिथे 1930 सालापासूनचा फ्लोटप्लेनचा क्लब आहे, शिकवतातही. नुसतं प्रवासी म्हणून चालणार असेल तर मालदीव. इथे कुणी तिकीट विकलंच तर विमानाच्या अंगावर व्हीटीने (ही भारतीय विमानांची खूण) सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते विचारा आणि त्याचा कालचा फोटो मागा. आमच्या एजंटला हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सर, नंबर पाण्याने पुसला गेलाय."

नंतरचे दोन दिवस वेंगुर्ल्यात गेले. छान गेले, सांगण्यासारखं काही नाही. बांगडा स्वस्त होता.

उरलेले तीन हजार 'सोमवारी पाठवतो' म्हणाला आहे. आज गुरुवार.